एका हाकेच्या दोघी

बुधवारा, बुऱ्हाणपूर
माघ शु. ५, शके १८५३

तीर्थरूप काकूंच्या चरणी प्रभाकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. आईचे गुडघे थंडीने धरले आहेत, तरी चूल सुनेच्या हाती देत नाही. वामनदादा तापाने गेल्यापासून निंबोल्याच्या घरात तुम्ही एकट्या. सोबतीला कोण असतं, काहीच कळवत नाही.

काल शाळेत दोन इंग्रजी शब्दांपाशी अडलो. अडॉप्ट आणि अडॅप्ट. दिसायला सख्खी भावंडं. मुलं म्हणाली, "मास्तर, दोन्ही एकच ना?" मी सांगितलं, पहिल्याचा अर्थ दत्तक घेणं, दुसऱ्याचा जुळवून घेणं. पहिलं होमापुढे एका सकाळी उरकतं. दुसऱ्याला मुहूर्त नसतो, ते रोज करावं लागतं. एवढं बोललो आणि फळा पुसून टाकला.

बाबा नव्हते, म्हणून तुम्हीच माझा हात तुमच्या निपुत्रिक, विधवा जावेच्या हातात दिलात. त्या दिवसापासून काकू ती आई झाली आणि आई ती काकू. 'तू'चं 'तुम्ही' झालं. मी पोरच, जुळवून घेतलं. पण तुम्ही? दिलेल्या लेकाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, म्हणून बाजाराला आलात तरी ओट्यावरूनच परत फिरायच्या. मला फार राग यायचा. वाटायचं, तुमच्या मनात असेल, दिलं ते दिलं, आता त्याचं तोंडही बघायला नको. दादाच्या तेराव्याला तुम्ही मला पाहुण्यांच्या पंगतीत पाट मांडलात, तेव्हा तर अर्ध्या पानावरून उठलो.

आज हे सगळं आईपाशी बोललो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती आत येत नव्हती ती माझ्यासाठी, बेटा. आली असती तर तू तिच्याच मागे गेला असता. मला मालूम होतं, अन् मी कधी आत ये म्हटलं नाही."

मग सूप बाजूला सारून म्हणाली, "आता बस झालं. घेऊन ये तिला. दोघी म्हाताऱ्या एका हाकेला ओ देऊ, काय बिघडतं?"

रविवारी गाडी जुंपून येतो. पाण्याचा तांब्या आई स्वतः ओट्यावर आणणार आहे. गुडघे दुखत असताना आणेल, तो परत करू नका.

पत्र शेजारचा निंबा वाचून दाखवेल. पुढची ओळ त्याला पुन्हा वाचायला सांगा.

आई, तू घरी ये.

तुझा
प्रभाकर