खंडेनवमीला धरलेली पट्टी

आबा,

आज खंडेनवमी. सकाळी पाटावर हत्यारं मांडली. पाने, पेचकस, कानस, तुमची पक्कड. धुऊन पुसून कुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं, आणि आता दुपारभर हाताला काम नाही. हाताला काम नसलं की माझं डोकं कुठे जातं ते तुम्हाला माहीत आहे. सध्या लढाई चालू आहे. पेट्रोल चिठ्ठीवर मिळतं, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासलाय. तुम्हाला यातलं काही बघावं लागलं नाही. पण तार अजून तशीच जळते. परवा भुसावळच्या रस्त्यावर एका लॉरीच्या बॉनेटखालून तो वास आला, रबराचा, कडवट, घशात बसणारा, आणि माझा उजवा अंगठा आपोआप मुठीत शिरला. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

आपली भाडं मारायची मोटर तेव्हाच म्हातारी होती. कुणा साहेबाने वापरून उतरवलेली, टपाचं कापड तुम्ही स्वतः शिवलेलं. मी पुण्याचं कॉलेज अर्ध्यावर टाकून जळगावला परत आलो तेव्हा का आलो हे तुम्ही विचारलं नाहीत. वकिलांच्या घरी मुलीसाठी स्थळं बघायला लागलेत हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि माझं तिथे काय अडकलंय हेही. तुम्ही मला सरळ मोटारीखाली घातलंत. म्हणालात, "तठे पडी ऱ्हाय. डोकं थंड हुई."

डोकं थंड झालं नाही, पण तारा दिसल्या. आपल्याकडच्या उन्हाने त्यांच्यावरचं रबर बिस्किटासारखं भुसभुशीत झालेलं, वरचं सुती कापड उंदरांनी कुरतडलेलं. त्या मोटारीची पेट्रोलची टाकी पुढेच, बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर, आणि तिच्या पोटाखालून जाणारी एक तार उघडी पडून पत्र्याला घासायच्या बेतात आलेली. त्यात फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी तुम्ही तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवली होती. म्हणजे कुठे काही पेटलं तर आपोआप थांबणारच नाही, अशी सोय. मी सांगितलं, तुम्ही हसलात. "इतला वरीस चालनी. तू उना आन तिले रोग झाया?" एक खबरदारी मात्र तुम्ही घ्यायचात. संध्याकाळी पायाखालची फळी उचलून बॅटरीच्या खुंटीवरची तांब्याची पट्टी हाताने काढून ठेवायचात, मोटर झोपली म्हणायचात, आणि सकाळी पट्टी बसवून पकडीने आवळायचात.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पूजा झाली, मोटारीला झेंडूची माळ घातली, हत्यारं पाटावर गेली, आणि वकीलसाहेब दारात. एरंडोलचे मुलाकडचे पाहुणे दुपारीच परगावी निघणार होते, मुलगी आजच तिथे नेऊन दाखवायला हवी. मोटर वाहन, हत्यार नव्हे, म्हणून तुम्ही हो म्हणालात. मी म्हणालो, निदान ती तार बदलू द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि पाटावरच्या पकडीला हात घातला. तुम्ही माझं मनगट धरलंत. अजून आठवतंय, बोटं कशी रुतली ती.

"आज हत्यारं देव शेतस. देवले कोनी कामले लावस का?"

"देव गेला खड्ड्यात! माणसं जळतील त्याचं काय?"

तुम्ही थोबाडीत माराल असं वाटलं. मारली नाहीत. जिनिंगमध्ये फिटर असताना याच दिवशी एकाने पूजेतला पाना उचलला आणि तासाभरात त्याचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. ती गोष्ट तुम्ही मला पुन्हा सांगितली नाहीत. मग म्हणालात, "पट्टी आवळता येवाव नही, ती ढिलीच ऱ्हाई. तू खाले बस, हातमा दाबी धर. धूर दिसना का आरड. मी चावी बंद करसू, मंग तू पट्टी काढ." चावी आधी, पट्टी नंतर, नाहीतर डायनामोचा सगळा जोर त्याच तारांवर जातो, एवढं मला कळत होतं. मी मान हलवली. तुम्ही थांबलात आणि फार हळू बोललात, "पन आरोळी खरी पाहिजे."

तुम्हाला सगळं कळलं होतं. मी एकदा ओरडलो की मोटर थांबणार, पाहुणे निघून जाणार, मुलगी दाखवायची राहणार. तुम्ही तिला एरंडोलला न्यायचा शब्द दिला होता, आणि ती नीट पोचते की नाही हे माझ्या तोंडावर ठेवलं होतं.

आम्ही निघालो. मी तुमच्या डावीकडे फळी काढून खाली उकिडवा, हात बॅटरीवर, डोकं जवळजवळ डॅशबोर्डखाली. मागे वकीलसाहेब, त्यांची बायको आणि ती. वकिलीणबाई म्हणाल्या, "अगबाई, हा खाली काय बसलाय?" तुम्ही म्हणालात, "बॅटरीना रखवालदार शे, अक्का. पगार नही त्याले." सगळे हसले. ती हसली का ते मला दिसत नव्हतं. मला फक्त तुमचे पाय दिसत होते, आणि वर बघितलं की तुमची हनुवटी.

गिरणा नदी ओलांडली. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, रस्ता पांढऱ्या धुळीचा. खड्डा आला की पट्टी उडायला बघायची, मी दाबायचो. आणि एकदम वास आला. जळका. मी पूर्ण ताकदीने ओरडलो, "आबा, चावी!" तुम्ही चावी बंद केलीत, मी पट्टी ओढली, मोटर घरंगळत थांबली. उतरून बघितलं तर झेंडूची माळ सरकून तापलेल्या रेडिएटरला चिकटलेली. फुलं जळत होती, बाकी काही नाही.

वकीलसाहेबांनी घड्याळ काढलं. तुम्ही माळ तोडून फेकलीत आणि माझ्याकडे वाकलात. तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास. "आखो असं करं तं आठेच उतारी दिसू." मला खरंच वास आला होता, आबा. पण तुमच्या डोळ्यांत मी खोटा ठरलो होतो, तिच्यासमोर. कानशिलं तापली. हँडल मारून मोटर पुन्हा चालू झाली. मागून ती हळूच म्हणाली, "हात दुखत असेल तर दुसऱ्या हाताने धरा ना." तिची आई खेकसली, "तू गप्प बस." मी हात बदलला नाही. ठरवलं, आता जीव गेला तरी ओरडायचं नाही.

एरंडोल जवळ आलं तेव्हा पट्टी गरम लागायला लागली. आधी उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखी, मग त्याहून जास्त. मी वर बघितलं. टाकीच्या पोटाखाली अंधारात एक लाल रेघ होती, उदबत्तीच्या टोकाएवढी, आणि ती सरकत होती. धूर अगदी बारीक, माझ्या तोंडाशी. अंगठ्याचं कातडं सुटतंय हे कळत होतं. मागे ती होती. मी ओरडलो तर ती एरंडोलला पोचणार नाही, आणि माझ्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, तुम्हीसुद्धा. त्या रेघेपासून टाकी दोन बोटं. माझा आवाज फुटेना. फुटला तेव्हा तो आरोळीसारखा नव्हताच, लहानपणी अंधारात हाक मारायचो तसा होता. "आबा."

तुम्ही चावी फिरवलीत. काही न विचारता, त्याच क्षणी.

पट्टी काढली. रेघ काळी पडली. मोटर कडेला लागली आणि डॅशबोर्डमागून धुराचा एक लोट निघाला. वकीलसाहेब खाली उतरून ओरडत होते, "मुद्दाम केलंय यानं! याला काय हवंय ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे!" तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाहीत. रेडिएटरसाठी आणलेला पाण्याचा डबा घेऊन माझ्या हातावर सगळा ओतलात. मग म्हणालात, "साहेब, बैलगाडी येई ऱ्हायनी. मी थांबाडस." बैलगाडी थांबली. ते लोक वेळेत पोचले. माघात तिचं लग्न झालं, एरंडोललाच.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं द्यायच्या आधी तुम्ही पाटावरची पक्कड उचलून माझ्या फडकं बांधलेल्या हातात दिलीत, कुंकवासकट. "बठ्ठ्या तारा काढी टाक." मी सगळ्या काढल्या, आणि तुमची ती तांब्याची तारही काढून खरा फ्यूज बसवला. तुम्ही शेजारी बसून बघत होतात, एकदाही हसला नाहीत. दोन पावसाळ्यांनंतर तुम्ही विषमज्वराने गेलात. तिच्याविषयी आपण कधी बोललो नाही, त्या आरोळीविषयीही नाही.

तिचं जाणं मी सोसलं. डोकं अजून तापतं, तिचं नाव कानावर आलं तरी तापतं, पण सोसलं. दुसरंच एक राहून गेलंय. तुम्ही चावी फिरवलीत ती धूर दिसला म्हणून, की मी हाक मारली म्हणून? मी विचारलं नाही. कधी विचारू म्हणेपर्यंत तुम्ही नव्हतात.

हे पत्र टाकायला पेटी नाही. ती मोटर मात्र अजून शेडमध्ये आहे. तुमच्या उजव्या सीटवर बसून खाली बघितलं तर टाकीखालची ती जागा तुम्हाला दिसत होती की नव्हती, हे एका मिनिटात कळेल. मी सगळ्या गावाच्या मोटारी चालवतो. तिच्यात मात्र मी कायम डाव्या बाजूनेच चढतो. त्या सीटवर मी आजवर एकदाही बसलेलो नाही.