पिवळ्या बदकांचा हरवलेला डबा

प्रिय व्हर्लीन,

सप्रेम आठवण. गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेने तो सुधारेल असं तुझा मुलगा म्हणाला होता. अर्थात आईला आपल्याकडे न्यायचं असलं की मुलं हवेबद्दल काहीही बोलतात. तुझा नाताळचा फोटो पोचला. फ्रिजवर लावलाय, येता-जाता बघते. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. तीन आठवडे माझा पाय एका जागी ठरत नाही. हे पत्र लिहितानासुद्धा दोनदा उठून आले (एकदा शेगडी बंद आहे का बघायला आणि एकदा ती खरंच बंद होती ना, हे बघायला).

बावीस वर्षं सांभाळलेला चर्चचा शुक्रवारचा बिंगो तू माझ्या गळ्यात घालून गेलीस, त्याला या वसंतात दोन वर्षं होतील. बिंगोचं मला काही वाटत नाही, आकडे अल्फॉन्स पुकारतो. माझा जीव खातात ती फाडायची तिकिटं. कागदाच्या तीन खिडक्या फाडायच्या आणि आत सारखी चित्रं निघाली की बक्षीस. एवढासा खेळ, पण ही तिकिटं डब्यांत येतात आणि प्रत्येक डब्याचा हिशोब वर्षाकाठी सरकारला द्यावा लागतो: विकला, की अजून कपाटात आहे. तिसरं उत्तर त्या कागदावर नाही. गेल्या वर्षी मी तुझ्या वहीतून ‘शिल्लक एक, पिवळी बदकं, दोनशे चाळीस तिकिटं’ असं इमानाने उतरवलं आणि कपाट उघडून बघितलं नाही. यंदा अल्फॉन्सने उघडलं. कपाटात बदकं नव्हती.

पंधरा तारखेपर्यंत हिशोब जुळला नाही तर आपला परवाना अडकणार. परवाना अडकला की शुक्रवार बंद, आणि शुक्रवार बंद झाला तर हॉल गरम ठेवणारी भट्टी कशावर पेटायची? शिवाय त्या चाळीस म्हाताऱ्यांनी (त्यात आता मीही आले) शुक्रवारी जायचं कुठे? म्हणून शोधलं. पियानोमागे शोधलं, कॉफीच्या मोठ्या पिंपात शोधलं, नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्याच्या खोक्यांत शोधलं. तिथे १९९८ साली हरवलेला उंट सापडला. त्याच्यावरून तू आणि मी चार महिने बोलत नव्हतो, आठवतं? तो माझ्याच खोक्यात होता. माफ कर.

अल्फॉन्स म्हणाला, “रोझी, रॅकूनने नेला असेल.”

म्हटलं, “कुलूप उघडून?”

“मग कुलपाची किल्ली कोणाकोणाकडे असते?” असं विचारून तो कॉफी ओतायला गेला. मी उंट पुसायला घेतला.

त्यानंतर मंगळवारी नूडल्स लाटताना माझ्या मनात आलं, डबा गेला तो गेला, पण त्याच्यावरचा कर? तो कोणी भरला? तुला आपल्या शाळेतली सिस्टर हिल्डेगार्ड आठवते ना. तिने वाण्याच्या दुकानातली अर्धी पेन्सिल परत द्यायला आपल्याला दोन मैल चालवलं होतं, आणि वाटभर ‘राजाचं राजाला, देवाचं देवाला’ म्हणायला लावलं होतं. पेन्सिल तू घेतली होतीस, पण चालले मीही. तर मी फादर आउमनकडे जाऊन विचारलं की दोनशे चाळीस तिकिटांचा कर बुडवल्याचं पाप किती. ते म्हणाले, “रोझीनाबाई, मी पापं मोजतो. तिकिटं डेलमर मोजतो.” (डेलमर म्हणजे तिकिटांचे डबे विकणारा आपला डबेवाला. तू गेल्यापासून त्याने मिशा ठेवल्यात, शोभत नाहीत.)

पण मला थांबवेना. डब्याच्या किमतीचा दहावा हिस्सा, म्हणजे सहा डॉलर चाळीस सेंट, असा माझ्या स्वतःच्या खात्याचा चेक आणि सोबत चार पानी कबुलीजबाब सरकारी कर खात्याला पाठवला. आठवड्याने तिथल्या एका गृहस्थाचा फोन आला. आवाज शांत होता, लहान मुलं असलेल्या माणसाचा असतो तसा.

“बाई, हा कर तुम्ही आम्हाला भरायचाच नसतो. डबा विकतानाच विक्रेता तो तुमच्याकडून घेतो आणि दर महिन्याला आमच्याकडे भरतो. त्याच्या बिलावर खाली वेगळी ओळ असते, बघा.”

“पण डबा हरवलाय.”

“डबा हरवला तरी कर हरवत नाही, बाई. तुमच्या बदकांचा कर आम्हाला केव्हाच मिळालाय.”

“मग माझा चेक?”

“परत पाठवतोय. पश्चात्तापापोटी पैसे घ्यायचा फॉर्म आमच्याकडे नाही.” आणि मग म्हणाला, “पत्र मात्र आम्ही सगळ्यांनी वाचलं.”

मी डेलमरची बिलं काढून पाहिली. ती ओळ प्रत्येक बिलावर होती. दोन वर्षं मी तिला डेलमरच्या गाडीचं पेट्रोल समजत होते. डेलमरला सांगितलं तर तो म्हणाला, “पेट्रोल वेगळं देत होतात, मग दर महिन्याला बिटाच्या लोणच्याची बरणी कशाबद्दल होती?” म्हटलं, लांबून येतोस म्हणून. आता त्याला कळलं आहे की लोणचं करमुक्त होतं.

तेव्हा राजाचं राजाला पोचलं आहे. राहिला फक्त डबा. तब्येतीला जप, उन्हात टोपी घाल, आणि मुलाच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची झाली तर माझ्याजवळ पत्रातून ठेव, तिच्यासमोर नको.

तुझी,
रोझीना

ता. क. फोटोत तुझ्या डाव्या खांद्यामागे कपाटावर शिवणाच्या टोपलीशेजारी एक डबा दिसतो. त्यावर पिवळी बदकं आहेत. मला नाताळपासून माहीत आहे; पियानोमागे शोधलं ते अल्फॉन्सला दाखवायला. तुझ्या इथल्या शेवटच्या शुक्रवारी ‘मी एकटीच कुलूप लावते’ म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं, रडायचं असेल. सिस्टर हिल्डेगार्डला मी कळू देणार नाही, ती वारली आहे. पण यावेळी दोन मैल तू चाल.

पुन्हा ता. क. डबा टपालाने पाठवू नकोस. ही तिकिटं परवान्याशिवाय पाठवता येत नाहीत, असं मी वाचलं आहे. स्वतः घेऊन ये. चौदा तारखेला शुक्रवार आहे. तुझ्या खुर्चीवर मी दोन वर्षं माझा कोट ठेवते आहे, आणि लोक आता विचारायला लागलेत की कोटाला थंडी वाजते का.

शेवटचा ता. क. डेलमर आत्ताच येऊन गेला. तो म्हणतो, हरवलेल्या डब्यासाठी एक साधा कागद असतो, दोघांच्या सह्या केल्या की झालं, परवान्याला काही होत नाही. मी तो कागद घेतला आणि शेगडीखालच्या खणात ठेवला. तू हे वाचलंच नाहीस असं समज.