एक सूत कमी

प्रिय दादा,

परवा वहिनी ज्या गाडीत बसणार आहे, तिचा धुराचा पाइप मला बसवायचाय. म्हणून हे पत्र. दुपारची सुट्टी आहे, घोडपदेवच्या आपल्या गॅरेजात बाकावर बसून लिहितोय. हात ग्रीसने माखलेत, अक्षर तुला लागायचं नाही. पण माझं अक्षर तुला कधी लागलं होतं म्हणा!

मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, दादा! परवा लालबागात मिरवणूक आहे. हुतात्म्याची बायको म्हणून वहिनीने उघड्या गाडीत, तुझा फोटो मांडीवर घेऊन बसायचं, असं चाळीने ठरवलंय. ती मला म्हणाली, "भावोजी, गाडी तुमच्या हातची ना? मग माका कसली भीती?"

गाडी माझगाव गोदीतल्या एका इंजिनिअरसाहेबांची, मिरवणुकीसाठी त्यांनी देऊ केलेली. भला माणूस, पण डोकं तुझ्यासारखंच, गप्प बसवत नाही. त्यांनी इंजिनाला एक पंखा जोडलाय. बाहेर पडणारा धूर तो फिरवतो आणि तो फिरला की इंजिनात जादा हवा कोंबली जाते. आपल्याच धुरावर पळणारी गाडी! तू असतास तर डबा तसाच ठेवून तिच्याखाली शिरला असतास.

आता पंख्यापासून मागे सायलेन्सरपर्यंत पाइप किती इंची घालायचा? तू शिकवलंस, पाइप इंजिनाच्या घशाला साजेसा हवा, उगाच मोठा केला तर धूर रेंगाळतो आणि गाडी ओढत नाही. त्या हिशेबाने दोन इंची. साहेब म्हणतात, "सदू, पंखे के पीछे रास्ता खुला मंगता. तंग किया तो पंखा घुमेगाच नहीं." म्हणजे अडीच. तीन दिवस मी तुझ्या नियमाला धरून भांडलो. मग दोन इंचीचा तुकडा जोडून पाहिला. गाडी चढावर धापा टाकायला लागली आणि पंख्याचं घर लालबुंद झालं. साहेबांचं खरं होतं. तुझा नियम साध्या इंजिनाचा, दादा, पंख्याच्या नव्हे. रागावलास? मला वाटतं तू हसला असतास, आणि मग मलाच शिव्या घातल्या असत्यास की आधीच का नाही विचार केलास.

पण मला भीती आहे ती मापाची नाही. सांध्याची आहे.

ती टॅक्सी आठवते? मोर्चाच्या आदल्या दिवशी तू मला सव्वादोन इंची पाइप आणायला पाठवलंस. आपल्याकडे माप पोटातून, म्हणजे आतून धरायचं, हे तू मला कितीदा सांगितलं होतंस! "मेल्या, भायरसून काय मापतंस? पोटातसून माप!" आणि मी शहाणा, दुकानात बाहेरून मोजून घेऊन आलो. सायलेन्सरच्या तोंडात घातला तर सैल. एक सूत कमी. इंचाचा आठवा हिस्सा, दादा! परत जायचा कंटाळा आणि तुझ्या शिव्यांची भीती. मी फटीत दोरी गुंडाळली, वरून पट्टी आवळली. तू विचारलंस, "बसलो?" मी म्हटलं, "बसला."

दुसऱ्या दिवशी मोर्चा नाक्यावर थांबला होता. मागून तीच टॅक्सी आली. दोरी जळून गेली असणार, फटीतून हवा शिरली असणार. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, आत न जळता उरलेलं पेट्रोल त्या हवेने पेटलं आणि सायलेन्सर फाडकन वाजला. कुणीतरी ओरडलं, "गोळी!" त्या दिवसांत आणखी काय सांगावं लागत होतं? सगळे धावले. तू पडलास, आणि तुझ्या अंगावरून माणसं गेली.

गोळी झाडलीच गेली नव्हती, हे लोकांनाही नंतर कळलं. ते म्हणतात, मोर्चात गेला तो हुतात्माच. असेल. पण तो आवाज कशाचा होता, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. तू इस्पितळात तीन दिवस होतास. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून हळूच म्हणालास, "गोळी नाय ती. सायलेन्सर. सदू, पाइप घट्ट बसललो मां रे?"

आणि मी म्हटलं, "हो दादा."

तू डोळे मिटलेस. तुला पटलं होतं का रे? की धाकट्याला सांभाळून घेतलंस, नेहमीसारखं? एकदा तरी माझ्या थोबाडीत मारायची होतीस!

आता परवा तसाच रस्ता, तशीच गर्दी. गाडी मुंगीच्या पावलाने चालणार, ड्रायव्हर दर चार हातांवर पाय उचलणार. एकदा जरी ती वाजली तर? बायकामुलं असतील. वहिनी असेल. सकाळपासून सांधा चार वेळा खोलला. सुतळीएवढीही फट नाही. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. तरी पाचव्यांदा खोलावासा वाटतोय. आयुष्यभर असाच खोलत बसणार का मी?

म्हणून तुला शब्द देतो. आज संध्याकाळी सांधा शेवटचा आवळीन. मग हात धुऊन वहिनीसमोर बसेन, आणि तुला जे सांगितलं नाही ते तिला सांगेन. सुतासकट, दोरीसकट. ती फोटो घेऊन गाडीत बसेल की मला दारातून हाकलेल, मला माहीत नाही. पण माझ्या हातच्या गाडीत भीती नाही असं समजून तिला बसू देणार नाही. बसली तर सगळं ठाऊक असून बसेल.

दादा, तो पाइप बसला नव्हता.

तुझा,
सदू