फळ्यावरचा आकडा

बोईसर, गुरुवार

आज सकाळी कारखान्याच्या फळ्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं, एका नगामागे खर्च एक रुपया ऐंशी पैसे. इतका कमी कधीच आला नव्हता. खूश होऊन सगळ्यांना वडापाव मागवला.

हिशेब बघणाऱ्या प्रमिलाताई मागेच म्हणाल्या होत्या, "दादा, एकच आकडा बघून नाय चालत. माल किती फुकट गेला, कोणाला लागलं, तेपण लिवा." मला एकच बरा वाटला. सोपा.

दुपारी प्रेस मशीन चालवणाऱ्या रामसूरतची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी त्याने महिनाभर काढूनच ठेवली होती. जाळी असली की नग कमी निघतात. मला माहीत नव्हतं? रोज त्याच्या मशीनशेजारूनच तर फळ्याकडे जातो. खरं लिही. दिसत होतं.

दवाखान्यात तो म्हणाला, "सेठ, मेरी वजह से बोर्ड वाला रेट तो नहीं बढ़ेगा ना?" मी म्हटलं, "नाही."

उद्या शुक्रवार, कारखान्याची आठवड्याची सुट्टी. तो आकडा फळ्यावर तसाच राहील.

आणि परत येताना रिक्षात बसून मी काय केलं? दवाखान्याचं बिल महिन्याच्या नगांनी भागून पाहिलं.