गोणपाटाखालची नावं

१२ ऑक्टोबर
आले एकदाची! कुर्किवाराच्या वृक्षोद्यानात मुख्य माळीण, आणि राहायला बागेतलंच जुनं लाकडी शेतघर, दगड तापवून वाफेत न्हायच्या सौनासकट. माझी सहा वर्षांची वेन्ला सध्या आजीकडे आहे. घर ऊबदार झालं की तिला घेऊन येणार. पोरीला पळायला केवढं अंगण! राय धान्याच्या भाकरीला लोणी फासून खाल्लं आणि बर्चची पिवळी पानं बघत बसले.

१९ ऑक्टोबर
थंडीआधी खोडांना गोणपाट गुंडाळतेय. दफनभूमीकडून घराकडे येणाऱ्या वाटेवर एक म्हातारा पाइन आहे. फांद्या छाटलेल्या, साल सोललेली, उघड्या लाकडावर मेलेल्यांची नावं कोरलेली. एवढी जखम थंडीत फाटणारच, म्हणून त्यालाही गुंडाळलं. इर्या, इथली जुनी माळीण, कडाडली, "हेल्वी, कार्सिक्को झाकतेस? मेलेला माणूस घराकडे निघाला की त्या झाडावर स्वतःचं नाव वाचतो. मग त्याला आठवतं, आपण मेलोय, आणि तो माघारी फिरतो. तू राहतेस त्या घरात आजवर मेलेली झाडून सगळी आहेत त्यावर." मी म्हटलं, वाचायला चष्मा लागत असेल ना त्यांना? ती हसली नाही. नवीन बाई दिसली की घाबरवायचं, दुसरं काय! वैताग नुसता.

४ नोव्हेंबर
कोणीतरी माझ्या सौनात आंघोळ करून जातं. सकाळी बाकं ओली, दगड कोमट. संचालकांकडे तक्रार केली तर म्हणाले, कुलूप लाव. लावलं. तरी बाकं ओलीच. इथे कोणाला कशाचं सोयरसुतक नाही. अशा घरात मुलीला आणायचं कसं?

१३ नोव्हेंबर
बर्फात पावलं. अनवाणी. सगळी घराकडे येणारी, परत जाणारं एकही नाही. इर्याला म्हटलं, थट्टा पुरे आता. ती म्हणाली, "या वयात मला बर्फात अनवाणी नाचवतेस होय गं? गोणपाट काढायचंच आहे, पण आधी—" मी पाठ फिरवली. तिचं शहाणपण तिलाच लखलाभ.

२ डिसेंबर
झोप नाही. पलंगाची दुसरी बाजू खचलेली, गार. उद्या वेन्ला येणार. रागारागाने गेले आणि गोणपाट कापून टाकलं. घ्या, वाचा!

३ डिसेंबर
वेन्ला आली. मागोमाग इर्या. उघडं झाड बघून ती बर्फातच मटकन बसली. म्हणाली, आधी त्या मेलेल्यांना घरातून काढून झाडापलीकडे पोचवायचं होतं, मग झाड उघडायचं. सांगत होते, तू ऐकलंस कुठे? आता ते झाडापर्यंत जातील, नाव वाचतील आणि माघारी फिरतील.

माघारी म्हणजे माझ्या घरात.

का ऐकलं नाही मी तिचं? उद्या सकाळच्या बसने वेन्लाला घेऊन निघायचं.

संध्याकाळ
दार उघडत नाही. बाहेरून कोणी— नाही, आतूनच धरलंय—

वेन्ला ताटल्या मांडतेय. खूप. म्हणते, ते आजोबा म्हणाले, सगळ्यांना मांड— खोलीत आजोबा नाहीत— कोणीच दिसत नाही—

तिने विचारलं, मग आई कुठे झोपणार? ते म्हणाले म्हणे, तिचं नाव नाही ना झाडावर, म्हणून जिवंतांतच अडलीय बिचारी. झाडावर जागा आहे अजून. तिचं नाव कसं लिहितात तेवढं सांग—

बाहेर त्या झाडावर चाकू चालतोय— वेन्ला सांगतेय— एकेक अक्षर— वेन्ला, नको, शेवटचं नको सांगू, शेव—