पाव टाकी पाणी

९ नोव्हें., रविवार
शैलाला सकाळच्या सांगली गाडीत बसवून आलो. मनूचं दुसरं बाळंतपण. थोरलीची शाळा विश्रामबागेत, डॉक्टरीणही तिथलीच, म्हणून लेक माहेरी यायच्या ऐवजी आईच तिकडे. दोन महिने तरी.

लग्नाला तीस वर्षं. त्यातली पंचवीस मी पलटणीत आणि ती घरात. आता ती ड्यूटीवर आणि मी घरात. गाडी सुटताना खिडकीतून काहीतरी बोलली. वाटलं, गोळ्या वेळेवर घ्या म्हणत असेल. तर, "आवं, मासं बघा. राणीला जपा."

चार्ज घेतला तो असा: तीन फुटी काचेची टाकी एक. राणी, म्हणजे चपटी चंदेरी एंजल मासोळी, सहा वर्षांची, एक. मॉली जातीच्या छोट्या मासोळ्या सहा, तीन काळ्या, तीन केशरी. झाडं, दगड, हीटर, फिल्टर. फ्रिजवर सूचनापत्र:
चिमूटभर खायला, दिवसातून एकदा. रविवारी बालदीभर पाणी काढा, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तेवढंच घाला. बाकी कशाला हात लावू नका.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. सुभेदाराला दोन रेघा!

१२ नोव्हें.
संध्याकाळी शै.चा फोन. मनू बरी. मग लगेच, "सगळी हायत न्हवं?" मी पहाऱ्यावरच्या जवानासारखी रपट दिली, सब ठीक. हसली. आता रोज द्यायची म्हणते. इथून पुढे वहीत नुसतं स.ठी.

गेली सात वर्षं ही टाकी बैठकीत आहे, पैकी पाच मी तिच्यासमोर बसून पेपर वाचतोय. नीट बघितली आजच. काचेवर हिरवं धरलंय. फिल्टरमधला स्पंज चहाच्या गाळासारखा तपकिरी. खडीत गाळ. शैला घर आरशासारखं ठेवते आणि इथे असा कारभार? स.ठी.

१६ नोव्हें., रविवार
इन्स्पेक्शन केलं. मासे बादलीत. पाणी पूर्ण उपसलं. खडी परातीत घेऊन सात वेळा धुतली, आठव्या वेळेला पाणी नितळ आलं तेव्हा थांबलो. काच आतून बाहेरून लख्ख. स्पंज नळाखाली धरून कपडे धुवायच्या ब्रशने घासला. पांढराशुभ्र निघाला! नवा आणला असता तरी एवढा पांढरा नसता. झाडं उपटून, पानं पुसून, उंचीप्रमाणे ओळीत लावली. नळानेच टाकी भरली, मासे सोडले. सकाळी आठ ते दुपारी एक.

टाकी अशी चकाकत होती की कमांडिंग ऑफिसरनं पाठ थोपटली असती. मासे मात्र कोपऱ्यात गप्प. दमले असतील म्हणून कणकेच्या चार गोळ्या टाकल्या. आई माहुलीला कृष्णेवर गेली की टाकायची, मासे उड्या मारून खायचे. इथे कुणी उडी मारली नाही. गोळ्या तळाशी बसल्या.

स.ठी. शै.ला सफाईचं सांगितलं नाही. आल्यावर बघू दे.

१८ नोव्हें.
पाणी गढूळ. ताकासारखं. एवढं धुऊन हे गढूळ कुठून आलं?
कणीक काढायला गेलो तर बोटात विरघळली. एक केशरी मॉली पाण्यावर, आडवी. तगरीखाली पुरली.
शै.चा फोन. "सगळी हायत न्हवं?"
तोंडातून निघून गेलं. सब ठीक.

१९ नोव्हें.
दुसरी गेली. काळी. राणी वर तोंड करून पाणी पिते आहे असं दिसतं. कल्ले जोरात चालू.

पोवई नाक्याच्या पुढे माशांचं दुकान आहे, तिथे गेलो. मालक मायाप्पा, जतकडचा, घरची मेंढरं आहेत म्हणे अजून. मी सुभेदार म्हणून सांगितलं तरी मेजरच म्हणतो. शैलाला ओळखतो. मी काय काय केलं ते सांगत गेलो तसतसा त्याचा चेहरा पडत गेला.

"स्पंज बी धुतलासा?"
"घासून."
"आवं मेजर! त्या मळात जित्तं अस्तंय. डोळ्याला दिसत न्हाई. माशाची घाण त्येच खातंय, म्हून पाणी गोड ऱ्हातंय. तुमी मासं ठेवलं आन् राखणदार धुऊन टाकलं."
मग नळाच्या पाण्यातलं औषध: एक दिवस उघड्या बालदीत ठेवलं की उडून जातं, नाहीतर दुकानात थेंब मिळतात. मी दोन्ही केलं नव्हतं. कणकेचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "नदी लय मोठी हाय. तिला पचतंय."

उपाय विचारला तर आत गेला, आपल्या जुन्या टाकीचा स्पंज एका पिशवीत पिळला. काळं पाणी. "ह्येच औषध. तुमच्या फिल्टरवर वता." रोज पाव टाकी पाणी बदलायचं, जास्त नाही. तीन दिवस खायला बंद. नवा मासा एकही आणायचा नाही.

सगळी नोकरी घाण काढण्यात गेली. आज पिशवीभर घाण छातीशी धरून रिक्षानं घरी आणली. रिक्षावाला आरशातून बघत होता.

२२ नोव्हें.
तिसरी गेली, काळी. राहिल्या तीन मॉली आणि राणी. तगरीखाली आता जागा नाही, जास्वंदीखाली पुरली.

रोज पाव टाकी. शिळं पाणी, बोट बुडवून बघायचं, टाकीतल्याइतकंच कोमट. गार पडलं तर मासे आजारी पडतात, आणि आता साताऱ्याला सकाळी चांगलंच गार असतं.

राणी हीटरच्या मागे एकटी उभी असते. मायाप्पा म्हणाला होता, "चरायचं सोडून कडंला हुबं ऱ्हायलं की समजायचं, मग मेंढरू असू द्या न्हाईतर मासा." समजलं. समजून काय करू?

फोनवर आवाज चोरटा निघाला असणार. शै. म्हणाली, "घसा बसलाय का? आल्याचा काढा घ्या." घेतला.

२५ नोव्हें.
मायाप्पाकडे गेलो. दुकानात एक चंदेरी एंजल होती, राणीएवढीच. मी तिच्यापुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो असेन. मायाप्पा हळूच म्हणाला, "देऊ का? वहिनींना कळायचं न्हाई."

खोटं कशाला लिहू, दहा पावलं दुकानाबाहेर जाऊन परत आलो. आणि नको म्हणालो. राणी अजून जिवंत आहे. ती असताना तिची बदली शोधायची म्हणजे काय! लाज वाटली. दुकानातून झाडांची कात्री तेवढी घेतली.

२८ नोव्हें.
पाणी निवळलं! गालिचा उचलल्यावर बैठकीतली फरशी दिसावी तशी खडी दिसली. राणी हीटरमागून बाहेर आली, काचेपाशी येऊन माझ्या बोटामागे फिरली. दोन दाणे टाकले, खाल्ले. तिसरा थुंकला, परत खाल्ला.
मीही आज दोन भाकऱ्या खाल्ल्या.

३ डिसें.
मनूला मुलगा! दोघं सुखरूप. शै. फोनवर रडत-हसत होती. मीही. मग नाक ओढून, "राणी कशी हाय?"
"मजेत," म्हणालो. आज ते खरं होतं. बाकीचं गिळलं.

७ डिसें., रविवार
पाव टाकी. स्पंज धुतला नाही, काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळला, तपकिरीच ठेवला. हात शिवशिवत होते.

झाडांचं मायाप्पानं शिकवलं. मी सगळी खडीत खोचली होती. फर्नचा गड्डा खडीत पुरला की कुजतो, तो दोऱ्यानं दगडाला बांधायचा, मुळं आपण होऊन धरतात. गवतासारखी पानं मात्र खडीतच. पिवळं पान दिसलं की बुडातून कापायचं. दिवा आठ तास, जास्त ठेवला की काचेवर हिरवं. आणि ती उंचीप्रमाणे ओळ? "झाडांची परेड नगं मेजर. माशाला लपाया जागा द्या." ओळ परवाच मोडली. उंच झाडं मागे, बाकी कशीही. आता जास्त बरी दिसते, हे मान्य करायला दोन दिवस लागले.

१६ डिसें.
दुपारी दोन तास वीज नाही. हवेचा पंप बंद. मायाप्पाला फोन. "तांब्यानं पाणी घ्या, वरनं वता, घ्या, वता." दोन तास टाकीशेजारी उभा राहून अभिषेक केला. पोस्टमन दारातून बघून हात जोडून गेला.

२१ डिसें., रविवार
खडीजवळ काहीतरी हललं. वाटलं कचरा. चष्मा लावला. पिल्लं! केशरी मॉलीची. टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, बाकी काहीच नाही. मोजता मोजता चौदा. मायाप्पाकडे पळालो, चपला उलट्या घालून. तो म्हणे लवकर पाण्यावर तरंगणारं झाड टाका, मुळांच्या जाळीत लपतील, नाहीतर राणी नाश्ता करील.

झाड टाकेपर्यंत नाश्ता झालेला. आता नऊ. राणीला जपा म्हणाली होती शैला, राणीपासून जपा असं नव्हती म्हणाली.

संध्याकाळी फोनवर गिनती विचारली. आली पंचाईत. सहा सांगू, तीन सांगू की बारा? "सब ठीक," म्हणालो. सगळ्यात सोपं तेच.

४ जाने., रविवार
शै. शनिवारी येणार. पिल्लं सात उरली, गव्हाच्या दाण्याएवढी झाली. खायला बोटांनी भुगा करून.

ती आल्यावर पहिलं टाकीकडे जाणार, मग माझ्याकडे. मॉली तीन आणायच्या, म्हणजे परत तीन काळ्या, तीन केशरी, जशाच्या तशा? दिवसभर विचार केला. मायाप्पा आणून देईल. पण सात आठवडे रोज तिला खोटी रपट दिली. पलटणीत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला सोडला नसता.
रपट लिहिली. स्वच्छ अक्षरात.

दि. १६ नोव्हें. रोजी अस्मादिकांनी सूचनापत्र मोडून टाकी धुतली. मृत: मॉली तीन. जबाबदार: अस्मादिक. जखमी: राणी, आता बरी. जन्म: चौदा, पैकी हजर सात. रोज फोनवर दिलेली रपट खोटी होती.

खाली सही. टाकीच्या काचेवर चिकटवली.

१० जाने., शनिवार
शैला आली. बॅग माझ्या हातात देऊन सरळ टाकीकडे. वाकून राणीकडे बघितलं, राणी तिच्या बोटामागे फिरली. मग रपट वाचली. दोनदा. मी सावधानमध्ये उभा.

आत गेली, कपाटातल्या साड्यांखालून एक जुनी वही काढून आणली. टाकीचं पहिलं वर्ष. मेलेल्या माशांची यादी, तारीखवार. अठरा! त्यात तिनंही एकदा स्पंज धुतला होता. सर्फनं.

"तेव्हा मी फोनवर विचारायचो की, मासे कसे आहेत."
"व्हय. मी म्हणायची, मजेत हायत."
"खोटं?"
"तुमी कुठं लांब बर्फात. अठरा मासं मेलं म्हणून सांगून काय करणार हुता तुमी?"
मला हसू आलं. ती पण हसली. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग चहा झाला, नातवाचे फोटो झाले. नाक माझं आहे.

पण जेवताना मनात आलं. पंचवीस वर्षं फोनवर एकच वाक्य ऐकत होतो: इकडं सगळं मजेत. मी ते ऐकून निवांत झोपायचो.
विचारलं, "शैला, आणखी काय काय मजेत होतं?"
ती ताटाकडेच बघत म्हणाली, "जेवा आधी."

११ जाने., रविवार
दोघांनी मिळून टाकीचं पाणी काढलं. मी नळी धरली, ती स्टुलावर बसून बालदी बघत होती. बालदी निम्मी भरली असताना आपण होऊनच बोलली.

मनू चौथीत असताना शैला विहिरीच्या पायऱ्यांवर पडली होती. उजवा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. मला आठवली ती पत्रं, त्या दोन महिन्यांतली सगळी मनूच्या अक्षरातली. आणि हेही आठवलं की मी फोनवर चिडलो होतो, स्वतः दोन ओळी लिहायला हात मोडलाय का म्हणून. नेमके हेच शब्द. ती तेव्हा म्हणाली होती, "कामं लय हायत."

नळी माझ्या हातातून सुटली, पाणी फरशीवर. तिचा उजवा हात धरून बसलो, मनगटाजवळ हाड अजून जरा वर आहे. तीस वर्षं हा हात बघतोय.

"अजून सांग," म्हणालो. "सगळं सांग."
"एकदम नगं," ती म्हणाली. "एका रविवारी पाव टाकी. तुमालाच सोसायचं न्हाई."
फरशी पुसली. राणीनं वर येऊन बघितलं, पिल्लं सातही हजर.

पाणी एक दिवस उघडं ठेवलं तरी पुरतं. मी पुढच्या रविवारची बालदी आजच भरून ठेवली.