तबकडी आत, चाक बाहेर

सांताक्रूझ, बोलिव्हिया
१२ ऑक्टोबर १९९६

ती. क्लासदादास,

धाकट्या जस्टिनाचा नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही जिवंत आहोत, आणि हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही.

मंगळवारी नाल्याकडच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला. डीट्रिख खाली सापडले. मांडीचं हाड मोडलं. ट्रॅक्टर हातभर पुढे आला असता तर आज मी विधवा असते.

दोष लोखंडी चाकांचा आहे. ती फार आत बसलीत, त्यामुळे ट्रॅक्टर कलला की सावरत नाही. मेक्सिकोत आपले बाबा चाकाची मधली तबकडी कापून, सरकवून पुन्हा जोडायचे, ते आठवतं. आमच्या वसाहतीचा लोहार तापाने गेला आणि दुसरं कुणी हे काम जाणत नाही. सोयाबीनची पेरणी तोंडावर आली आहे. डीट्रिख म्हणतात, कुबडी घेऊन का होईना, मीच चालवणार. या चाकांवर मी त्यांना बसू देणार नाही. तेव्हा रीत सविस्तर कळव. वेल्डिंग मी करणार आहे.

हेलेनावहिनीला आठवण सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी जस्टिना

कांपेचे, मेक्सिको
३ नोव्हेंबर

चि. सौ. जस्टिनास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डीट्रिख वाचले ही देवाची कृपा. पण बाईमाणसाने वेल्डिंग करायचं? डोक्याचा रुमाल पेटला म्हणजे? चुलीवरचं दूध कधी धड सांभाळलं नाहीस तू. पण ऐकणाऱ्यातली नाहीस, म्हणून नीट सांगतो.

तबकडी कड्याला जिथे जोडली आहे तिथला सांधा गॅसने काप. मग तबकडी वीतभर आत, ट्रॅक्टरच्या बाजूला सरकव. ती आत गेली की कडं तेवढंच बाहेर येतं. आधी वेल्डिंगचे चारच टाके मार, चाक फिरव आणि कड्याजवळ खडू धर. खडू सगळीकडे सारखा लागला तर ठीक. एकाच बाजूला लागला तर चाक डगमगतंय, टाके तोडून पुन्हा बसव. शेवटी समोरासमोर थोडं थोडं जोडत जा. सलग जोडशील तर तापून कडं वाकडं होईल.

हेलेना आता बरी आहे. तिच्या दुखण्याचं पुढे कधी लिहीन. मुलींना पापे. आम्हाला विसरू नका.

तुझा दादा क्लास

सांताक्रूझ
१ डिसेंबर

ती. दादास नमस्कार.

चाकं झाली! पहिलं तीनदा तोडलं, दुसरं एकदाच. रुमाल शाबूत आहे, भुवया मात्र अर्ध्या गेल्या. डीट्रिख मोडक्या पायाने त्याच उतारावर गेले, आणि ट्रॅक्टर म्हशीसारखा शांत चालला. मी बांधावर उभी राहून रडले.

रविवारी लोक चाकं बघायला आले. मोठे धर्मगुरू इसब्रांडही आले, सूर्यफुलाच्या बिया फोडत चाकांभोवती फिरले आणि काम चोख आहे म्हणाले. मग जेवताना त्यांचा पुतण्या, नुकताच तुमच्याकडून आलेला, सहज बोलून गेला की क्लासला ऑगस्टमध्येच वाळीत टाकलंय, त्याने ट्रॅक्टरला रबरी टायर लावलेत. सगळ्यांदेखत मी सांगितलं की हे धादांत खोटं आहे. आपल्या घरात रबर? रबरावर मुलं शहराची वाट धरतील म्हणून आपल्या पंथात त्याला बंदी, आणि ज्या बाबांनी जन्मभर लोखंड जोडलं त्यांच्या मुलाकडे?

इसब्रांड म्हणाले, खरं असेल तर वाळीत टाकलेल्याच्या हातून ना भाकरी घ्यावी, ना सल्ला. चाकं पुन्हा कापून होती तशी करावी लागतील.

दादा, उतार तिथेच आहे आणि कापणी व्हायची आहे. खोटं आहे एवढं एका ओळीत कळव. वाट बघते आहे.

तुझी जस्टिना

कांपेचे
२० डिसेंबर

चि. जस्टिनास आशीर्वाद.

खरं आहे.

पावसात हेलेनाचं मूल पोटातच गेलं. रक्त थांबेना. घोडागाडी चिखलात रुतली, आमचा लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर दुसऱ्या खड्ड्यातच अडकला. वसाहतीबाहेरच्या शेजाऱ्याने, एव्हारिस्तोने, रबरी चाकांच्या ट्रॅक्टरवरून तिला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, म्हणून ती आज आहे. दुसऱ्या आठवड्यात मी टायर बसवले. धर्मगुरू काढा म्हणाले, मी नाही काढले, म्हणून वाळीत टाकलं. तुला लिहायचा धीरच झाला नाही.

पण माझ्यापायी चाकं कापू नकोस. ही रीत बाबांची आहे. लहानपणी खडू तूच धरायचीस. बाबांकडून शिकले म्हण, धर्मगुरू मानतील. माझं नाव घेऊ नकोस.

या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी माझा राग नाही.

क्लास

सांताक्रूझ
१२ जानेवारी १९९७

ती. दादास, जस्टिनाचा नेहमीसारखाच नमस्कार.

मूल गेलं आणि तू मला कळवलंही नाहीस. पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गेलं नाही. वहिनीला माझ्या वतीने जवळ घे.

तुझं पत्र मी धर्मगुरूंपुढे अख्खं वाचलं. इसब्रांड हळूच म्हणाले, बाबांकडून शिकले एवढंच बोल, चाकं राहतील. बिचारे माझी सुटका करू पाहत होते. मी म्हणाले, खडू बाबांचा, पण समोरासमोर जोडायचं क्लासने शिकवलं. माझ्या भावाला मी तोंडाने पुसून टाकणार नाही.

मग चाकं कापायची, असं ठरलं. मी विचारलं, कापणार कोण? वसाहतीत ते मला एकटीलाच येतं, आणि मी कापणार नाही.

आता येत्या रविवारी माझा निकाल आहे. कापणी झाली की वहिनीला घेऊन ये. मला पंथात ठेवलं, तर नियमाप्रमाणे वाळीत टाकलेला म्हणून तुझं टेबल वेगळं मांडावं लागेल. मलाही वाळीत टाकलं, तर आपण दोघं एकाच टेबलावर जेवू. हे वाचून दाखवलं तेव्हा डीट्रिख एवढंच म्हणाले की मोठंच टेबल काढ, मीही तिथेच बसणार.

वाट बघते.

तुझीच जस्टिना